हिरवा ठिपका

“म्हणजे ते बंद केलं, की कुणालाच काही कळत नाही?” म्हाळूबुवांनी विचारलं.

“कुणालाच नाही,” इंद्रजित म्हणाला.

“तू काय करतोयस...”

“नाही.”

“बसलायस की उठलायस...”

“तेही नाही.”

“आहेस की नाहीस?”

इंद्रजित उत्तर द्यायला गेला आणि थांबला. बुवांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. ते पावट्याच्या शेंगा सोलत होते. दाणे परातीत, टरफलं मांडीवरच्या फडक्यात.

“तेही नाही,” तो शेवटी म्हणाला.

इंद्रजित डुंबरे मूळचा ओतूरकडचा, वाढला पुण्यात. कंप्युटरचे प्रोग्रॅम लिहिणं हा त्याचा पेशा, आणि त्या पेशात त्याला मान होता. मठ-मंदिरांच्या वाटेला जाणाऱ्यांतला तो नव्हे. घोड नदीवर डिंभ्याचं धरण आहे, त्याच्या फुगवट्याकडेला एका टेकाडावर म्हाळूबुवांचा हा मठ. एक धुनी, पत्र्याची पडवी, मागं दगडी खोल्यांची बुटकी ओळ. त्याच्या बायकोचं माहेर इथून जवळच. तिनंच सकाळी गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली होती.

“माझ्याशी बोलत नाहीस,” अमृता म्हणाली होती. “मग तिथं तरी जाऊन बोल.”

पण तो बोलायला आलाच नव्हता. त्याला निकाल हवा होता. हो किंवा नाही. दोहोंतला एक शब्द घ्यायचा आणि दुपारच्या आत परत फिरायचं, असं ठरवून तो टेकाड चढला होता.

“मला नीट सांग,” बुवा म्हणाले. “मी काही अगदीच अडाणी नाही. पण हे तुमचं लिहिणं मी पाहिलेलं नाही.”

“आम्ही लिहितो ते एडिटरमध्ये. वही समजा.”

“बरं.”

“ही वही तुमच्यावर नजर ठेवते. किती लिहिलं, किती खोडलं, कुठं अडलात, किती वेळ नुसते बसून राहिलात. सगळं मोजते आणि ज्यानं वही बनवली त्याला गुपचूप कळवते.”

“चहाडखोर वही.”

“हां.”

“कशासाठी?”

“म्हणतात, वही आणखी चांगली करायला.”

“मग झाली का चांगली?”

इंद्रजित हसला. म्हाताऱ्याशी बोलायला मजा येईल असं त्याला वाटलं, आणि तो खुलला. ही चहाडी बंद करायची सोय त्या एडिटरमध्येच असते, पण ती अशा कोपऱ्यात दडवलेली असते की माणसानं शोधूच नये. त्यानं शोधली. ती बंद केल्यावरही दुसऱ्या वाटेनं माहिती जातच राहते, हे त्यानं पकडलं. तीही वाट बुजवली. मग कसं बुजवायचं ते इंटरनेटवर सगळ्यांसाठी लिहून ठेवलं. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं ते वाचून आपापले एडिटर गप्प करू लागली. सभांना त्याला बोलावणी येऊ लागली. अनोळखी पोरं त्याला ‘गुरुजी’ म्हणून पत्रं लिहू लागली.

“म्हणजे तूही बुवाच की,” म्हाळूबुवा म्हणाले.

इंद्रजितला ते आवडलं नाही. पण तो बोलत राहिला.

त्याच्या कंपनीनं तर त्या एडिटरची मोठी आवृत्ती घेतली होती. तिच्यात ती सगळी माहिती कंपनीच्या साहेबांनाही दिसायची. टीममधली माणसं घरोघरी बसून काम करायची, आणि साहेबांच्या पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढं एक ठिपका असायचा; ज्याचा त्याला तो स्वतःच्या एडिटरमध्येही दिसायचा. माणूस लिहितोय, तर हिरवा. हात थांबले, की राखाडी.

“मी भांडलो,” इंद्रजित म्हणाला. “भर मीटिंगमध्ये उभा राहून सांगितलं. माणूस म्हणजे मोजायचा माल नाही.”

हे वाक्य बोलताना त्याचा आवाज आपोआप चढला. मीटिंगमध्येही असाच चढला होता.

“शाबास,” बुवा म्हणाले.

“साहेबांना ऐकावं लागलं. सगळ्यांच्या सेटिंगची एक सामायिक फाइल असते. तिच्यात मी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली. सगळ्यांचे ठिपके एकदम गेले.”

“मग अडलं कुठं?”

इंद्रजितनं परातीतला एक दाणा उचलला, परत ठेवला.

“आमच्यातला एक मुलगा गेला, बुवा.”

शेंगा सोलणारी बोटं थांबली नाहीत. पण सावकाश झाली.

मुलाचं नाव प्रशिक मेश्राम. भंडाऱ्याकडचा, पवनीच्या अलीकडच्या एका गावातला. शिकून पुण्यात आला आणि हिंजवडीच्या मागं एका इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत राहू लागला. काम घरूनच. कंपनीत कुणी त्याला फारसं पाहिलेलं नव्हतं. इंद्रजित त्याचा वरिष्ठ. रोज सकाळच्या कॉलवर त्याचा आवाज ऐकायचा. कॅमेरा बंद असायचा, कारण कॅमेरे बंद ठेवा, हेही इंद्रजितनंच सांगितलेलं होतं.

दिवाळीची सुट्टी लागली. प्रशिकला गाडीचं तिकीट मिळालं नाही. तो खोलीवरच राहिला आणि त्याला ताप आला. डेंग्यूचा होता, ते पुढं कळलं. सुट्टी संपली. सकाळच्या कॉलवर तो आला नाही. कामावरच्यांना वाटलं, घरी गेलाय, रजा वाढवली असेल. घरच्यांना वाटलं, कामात आहे. त्याच्या आईनं फोन केले, ते वाजत राहिले. मग वाजेनासे झाले. शेवटी आईच्या सांगण्यावरून घरमालकानं दार तोडलं.

“डॉक्टर म्हणाले, जाऊन फार वेळ झाला नव्हता,” इंद्रजित म्हणाला. “म्हणजे आत तो बराच काळ होता. नुसता पडून.”

...

“त्याच्या गावी गेलास?” बुवांनी विचारलं.

“गेलो.”

तो गेला होता. नागपूरपर्यंत रेल्वेनं, मग भंडारा, मग एसटी. कंपनीनं फुलं पाठवली होती, ती त्याच्या हातात सुकली. प्रशिकची आई दारात खाटेवर बसली होती. तिनं उठून त्याच्यासाठी चहा ठेवला. रडणं तिचं बहुधा संपलं होतं. तिला फक्त काही गोष्टी विचारायच्या होत्या.

“तुम्ही त्याच्यासंगं काम करे ना जी?”

“हो आई.”

“तो तिकडे काय खाये?”

इंद्रजितला माहीत नव्हतं.

“सकाळी उठे का लवकर? इकडे तर उठतच नोता.”

तेही माहीत नव्हतं.

“मी फोन करे, तं फोन नुसता वाजे. मी म्हटलं, कामात असंन. काम करणाऱ्याले किती तरास द्यावा...” ती थांबली. “हसे का तो तिकडे?”

“हसायचा,” इंद्रजित म्हणाला. “मजेत असायचा, आई.”

तिनं मान हलवली. तिनं ते खरं मानलं. परतीच्या एसटीत इंद्रजित खिडकीला डोकं टेकवून बसला होता. ती माऊली आता जन्मभर त्या खोट्या वाक्यावर दिवस काढणार, एवढंच त्याच्या मनात येत होतं.

हे सगळं त्यानं बुवांना सांगितलं नाही. “गेलो,” एवढंच म्हणाला.

“मग आता काय?”

“आता कंपनी म्हणते, ते पुन्हा चालू करा.”

रेवतीमॅडम त्याच्या वरच्या. त्यांनी त्याला दोष दिला नव्हता. दिला असता तर तो भांडला असता. त्या हळू आवाजात इतकंच म्हणाल्या होत्या, “इंद्रजित, तो ठिपका असता तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं रे.” आणि मग काम सांगितलं होतं. बंद केलेली माहिती पुन्हा घ्यायची. आणि वर एक नवं. कुणाचेही हात फार काळ थांबले, एडिटर गप्प राहिला, की वरिष्ठाच्या फोनवर घंटा वाजायला हवी. या नव्या प्रोग्रॅमला नाव द्यायला एक बैठक भरली. नाव ठरलं, ‘आपुलकी’.

“नाव चांगलंय,” बुवा म्हणाले. खरंच म्हणाले की कसं, ते कळायला मार्ग नव्हता.

“आणि तो मीच लिहायचाय. कारण त्यातलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही.” इंद्रजित पुढं सरकला. “बुवा, मी नुसता विचार करतोय. नाही म्हणावं, तर उद्या आणखी एखादा असाच बंद दाराआड... आणि हो म्हणावं, तर मी आजवर जे जे बोललो ते सगळं खोटं. मीच फोडलेला डोळा मीच परत बसवायचा. माझ्याच्यानं ठरत नाही. तुम्ही सांगा. चालू करू, की बंद ठेवू?”

बुवांनी शेवटची शेंग सोलली. फडकं झटकलं. मठातली शेळी वाटच पाहत होती, ती टरफलांकडे आली.

“तो ठिपका होता तेव्हा...” बुवा म्हणाले, “मुलगा कसा होता?”

“कसा म्हणजे?”

“बरा होता? खुशीत होता? कसा होता?”

“हिरवा होता,” इंद्रजितच्या तोंडून निघून गेलं.

...

बोललेलं त्याचं त्यालाच ऐकू आलं. बुवा परात उचलून पडवीच्या टोकाशी ठेवून आले. मग मागच्या खोल्यांकडे हात करून म्हणाले, “त्या टोकाच्या खोलीत जाऊन बस. दार लावून घे. मी बोलावतो तुला.”

“किती वेळ?”

“बोलावतो म्हटलं ना.”

इंद्रजित गेला.

खोलीत एक सतरंजी होती, भिंतीत एक झरोका होता. दुसरं काही नव्हतं. फोनला इथं रेंज नव्हती, म्हणून तो त्यानं गाडीतच ठेवला होता. दार लावलं तशी खोली थंड आणि अंधारी झाली. तो भिंतीला टेकून बसला.

सुरुवातीला तो मनाशी जुळवाजुळव करत होता. बुवा काय म्हणतील, त्यावर आपण काय म्हणायचं. मग बाहेर जीप आल्याचा आवाज झाला. बरीच माणसं उतरली. चढ्या आवाजात बोलणी सुरू झाली. सामाईक विहिरीच्या पाण्याचं काहीतरी होतं. कोण शपथा घेत होतं, कोण आईबापावरून जात होतं. मध्येच बुवांचा आवाज यायचा, मग सगळे गप्प व्हायचे. मग एकदम सगळे हसले.

ताटं मांडल्याचा आवाज आला. भाकरीचा वास झरोक्यातून आत आला. पावट्याच्या आमटीचाही.

“वाढा, वाढा. त्या पाहुण्यांना वाढा,” बुवा म्हणत होते.

आता बोलावतील, इंद्रजितला वाटलं. तो सावरून बसला. शर्टाची बाही नीट केली.

कुणी बोलावलं नाही.

घशाला कोरड पडली होती. एक हाक मारली असती तर कुणीही तांब्या आणून दिला असता, पडवी काही लांब नव्हती. पण त्याच्या मनात दुसरंच आलं होतं. हे मुद्दाम चाललंय. असले साधू असंच करतात, माणसाला कोंडून घालतात आणि तो काय करतो ते बघतात. आपल्याला हे वेळीच कळलं, याचं त्याला बरंही वाटलं. ठीक आहे. बघूच. कुणाच्या लक्षात येतं ते बघू. मी काही हाक मारणार नाही.

जेवणं उरकली. भांडी घासल्याचे आवाज आले. जीप गेली. मग सगळं सामसूम झालं.

झरोक्यातून आलेला उजेडाचा तुकडा सतरंजीवर होता. तो समोरच्या भिंतीवर चढला, तिच्यावरून सरकत कोपऱ्यात गेला आणि नाहीसा झाला. इंद्रजितला वाटलं, आपण मोठ्यानं खाकरावं. तो खाकरलाही. बाहेर कुणी हललं नाही.

आणि मग, इतके दिवस जे तो मनाच्या दारातून आत येऊ देत नव्हता, ते आत आलं.

ठिपके बंद केले त्या दिवशी प्रशिकचा फोन आला होता. एरवी तो कधी स्वतःहून फोन करायचा नाही. इंद्रजितकडे तेव्हा अभिनंदनाचे निरोप येत होते, तो खुशीत होता.

“दादा, बोलू का?”

“बोल की.”

“ते... माझ्यापुरतं राहू द्या ना चालू.”

“काय राहू दे?”

“तो ठिपका.”

इंद्रजितला आधी कळलंच नाही. मग तो मोठ्यानं हसला होता. “अरे वेड्या, पहारा आहे तो! तुझ्यावर नजर ठेवायला आहे.”

“हो दादा. ते बरोबर आहे. पण इकडे कोणी येत नाही ना. ते हिरवं झालं, की वाटते, कोणीतरी आहे पलीकडे.”

“पलीकडे कुणी नसतं रे. नुसती मशीन असते.”

“माहीत आहे, दादा.” प्रशिक घुटमळला होता. “तरी...”

“सवय मोडेल तुझी,” इंद्रजित म्हणाला होता, आणि फोन ठेवला होता. एकाला वगळून बाकीच्यांचं बंद करता येत नव्हतं असं नाही. एक ओळ आणखी लिहायची होती. त्यानं लिहिली नाही.

इतकंच असतं तरी एक वेळ... पण पुढच्याच सभेत त्यानं ती गोष्ट लोकांना सांगितली होती. नाव घेतलं नव्हतं. ‘आमच्याकडच्या एका पोराला पहाऱ्याची इतकी सवय झाली होती, की पहारेकरी गेला तर तो रडायला लागला,’ असं म्हणाला होता. सगळं सभागृह हसलं होतं.

खोलीत आता काहीच दिसत नव्हतं. इंद्रजित गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. निकाल, वाद, हो की नाही, काही शिल्लक नव्हतं. कुणीतरी यावं आणि दार उघडावं, एवढंच त्याला हवं होतं. कुणीही. ती शेळी आली असती तरी चाललं असतं.

कुणी आलं नाही.

शेवटी त्यानं स्वतःच कडी काढली.

दिवेलागण झाली होती. धरणाचं पाणी शिशासारखं पडलं होतं. बुवा धुनीपाशी एकटे बसून राख सारखी करत होते. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली.

“कोण?”

“मी, बुवा.”

“मी कोण?”

इंद्रजित उजेडात आला. बुवा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांच्या हातातलं लाकूड खाली पडलं.

“अरे...” ते म्हणाले. “तू गेला नव्हतास?”

“तुम्ही मला बसवलंत.”

“बसवलं.”

“बोलावतो म्हणालात.”

“म्हणालो होतो.” बुवांनी कपाळावर हात ठेवला. “विसरलो रे मी.”

“विसरलात?”

“मंडळी आली. त्यांच्या भांडणात गुंतलो. पंगत बसली, तेव्हाही तुझं ताट मांडायचं माझ्या डोक्यात आलं नाही.”

“माझी गाडी खाली उभी आहे. दिवसभर!”

“दिसली होती. वाटलं, त्या जीपबरोबरच्या कुणाची असेल.”

इंद्रजित तिथंच उभा राहिला. त्याच्या मनानं अजून एक धागा धरून ठेवला होता.

“नाही,” तो म्हणाला. “ही परीक्षा होती. तुम्ही मुद्दाम केलंत. मला काहीतरी शिकवायला.”

“नाही रे.”

“बुवा, परीक्षा होती म्हणा ना.”

“असती तर बरं झालं असतं,” बुवा म्हणाले.

...

त्यांचा चेहरा एकदम फार म्हातारा दिसू लागला. गुडघ्यावर हात रोवून ते उठले. पडवीत गेले. तांब्या आणला, झाकून ठेवलेली भाकरी आणली. ताट इंद्रजितच्या पुढ्यात सरकवलं.

“हाक का मारली नाहीस?” त्यांनी विचारलं.

“बघत होतो,” इंद्रजित म्हणाला. “कुणाच्या लक्षात येतं का, ते.”

बुवांनी तांब्या त्याच्या हातात दिला.

इंद्रजितनं तांब्या तोंडाला लावला. पाणी गळ्यावरून, शर्टावरून सांडलं. अर्धं प्यायला आणि तांब्या खाली ठेवता ठेवता तो रडू लागला. दिवाळीपासून तो रडला नव्हता. भंडाऱ्यालाही नाही. घरी अमृतानं जवळ घेतलं, तेव्हाही नाही. आता मात्र लहान मुलासारखा हुंदके देत रडला.

आणि मग त्यानं सांगितलं. प्रशिकचा फोन. माझ्यापुरतं राहू द्या, दादा. आपलं हसणं. पलीकडे कुणी नसतं रे. आणखी एक ओळ लिहिली असती तर झालं असतं, तेही. मग सभा, सभेतले हसणारे लोक. त्याच्या आईशी बोललेलं खोटं. काही राखलं नाही. बुवा ऐकत होते. एकदाही त्यांनी ‘असू दे’ म्हटलं नाही. एकदाही पाठीवर हात ठेवला नाही.

सांगून झालं, तरी त्याला हलकं वाटलं नाही. त्याला वाटलं होतं, वाटेल.

“मी उद्या चालू करतो ते,” तो म्हणाला. “नाहीतर नोकरी सोडतो. नाहीतर... सांगा ना तुम्ही. काय करू?”

बुवांनी धुनीत एक लाकूड सरकवलं. ते ओलं होतं. धूर झाला, पेटलं नाही.

“काहीही कर,” ते म्हणाले.

“असं कसं? तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“वाटतं ना. तुझ्या शेजारी मी अख्खा दिवस होतो. आज मला कुठल्या तोंडानं काही सांगता येईल?”

 खाली पाण्यावर एका होडीतला कंदील हलत होता. इंद्रजितनं भाकरीचा तुकडा मोडला, हातातच धरून ठेवला. त्याच्या मनात काहीतरी घोळत होतं, आणि आता ते रागासारखं वर आलं. मेलेल्या माणसावर येतो तसा राग.

“पण त्यानं तरी...” तो म्हणाला. “फोन त्याच्या उशाशी होता, बुवा. चार्जरसुद्धा तिथंच होता. इतका ताप चढला, उठवेना, तेव्हा एक फोन करायचा. माझा नंबर होता त्याच्याकडे. मी काही राक्षस नाही. असेन तिथून उठून गेलो असतो. रात्री, अपरात्री, केव्हाही. खांद्यावर टाकून नेला असता त्याला. एकदा सांगायचं तरी. एकदा हाक मारायची ना त्यानं...”

बुवांनी त्याच्या हातातला भाकरीचा तुकडा काढून घेतला आणि ताटात ठेवला. मग पहिल्यांदाच त्यांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“मारली होती रे त्यानं.”